बुडणारे जहाज आणि तवक्कुल



पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर चालताना कधी तळव्यांना काळे, चिकट डांबरगोळे लागतात. समुद्रात सांडलेल्या तेलाचे ते अवशेष होत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. ते तिवरांच्या मुळांपर्यंत पोहोचले. मासळी विकत घेण्यास लोक धजेनात. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन रमजानमध्ये ‘रॅक कॅरिअर’ हे जहाज साठ हजार टन कोळशासह मुंबईसमोर बुडाले.

अशा वेळी आपण सहज म्हणतो, ‘अल्लाहची मर्जी!’ हे सत्यच आहे. परंतु ते बोलणे शोभते कोणाला? ज्याने आपले कर्तव्य पूर्ण केले, त्याला. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू काय, असे विचारणाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास सांगितले. ‘रॅक कॅरिअर’ मुळातच प्रवासास योग्य नव्हते, असा निष्कर्ष राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये काढला आणि १०० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. समुद्र खवळणे तकदीर असेल; नादुरुस्त जहाज त्यात लोटणे हा माणसाचा निर्णय आहे. सूरह रूमच्या ४१व्या आयतीत जमिनीवरील व समुद्रातील बिघाडाचा संबंध माणसांच्याच करणीशी जोडला आहे. फिकहचा नियमही स्पष्ट आहे: लाभ ज्याचा, त्याची जोखीमही त्याचीच.

म्हणूनच संकटापूर्वीची तयारी हा तवक्कुलचा भंग नव्हे, तर त्याची पहिली पायरी आहे. १९९६ पासून आपल्या देशात तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्कालीन योजना आहे. तिचा समन्वय तटरक्षक दल करते. तेल पसरू न देणारे तरंगते अडसर आणि प्रशिक्षित माणसे आधीच सज्ज असावी लागतात. तेल किनाऱ्याला लागल्यावर धावाधाव करून तिवरे वाचत नाहीत.

आता स्वतःकडे पाहू या. हदीसमध्ये एका जहाजाचा दृष्टांत आहे. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी आपल्याच हिश्श्यात भोक पाडू पाहतात. वरच्यांनी त्यांना रोखले नाही, तर सारेच बुडतात. बोरीवलीत गाडीचे जळके तेल गटारात ओतणारा हात तेच भोक पाडत असतो. ते पाणी अखेर खाडीला मिळते. गोराईचा कोळी आपल्या धर्माचा नसेल, पण तो आपला शेजारी आहे, आणि शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आखिरतमध्ये विचारणा होणार आहे.

अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.