पडद्यावरची हजेरी

बीड जिल्ह्याच्या कचेरीत ‘व्हीसी’ (व्हिडिओ कॉन्फरन्स) या नावाने जी आढावा बैठक हल्ली वारंवार भरते, तिच्यात विषय अतिवृष्टीच्या पंचनाम्यांचा असो की टंचाईच्या टँकरांचा, वरून हुकूम सुटतात, आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंतचे अंमलदार आपापला आवाज बंद ठेवून ते टिपून घेतात, आणि या एकतर्फी श्रवणाची नोंद इतिवृत्तात ‘चर्चा’ म्हणून होते. ज्याला आपली कैफियत मांडण्याची मुभा नाही त्याला उपस्थित कसे म्हणावे, हे कोणी विचारीत नाही. तंत्र सुधारले त्या अर्थी संवादही सुधारला असेल, अशी सर्वांची समजूत आहे.

तंत्र सुधारले हे निर्विवाद. बेल कंपनीने 1964 च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात मांडलेला आणि 1970 मध्ये पिट्सबर्गला सेवेत आणलेला पिक्चरफोन महागाईपायी मागे पडला. पुढे आयएसडीएन या डिजिटल दूरध्वनी वाहिन्या आल्या, चित्राचा भार हलका करणाऱ्या पद्धती आल्या, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या उपग्रहजाळ्याने जिल्ह्यांची ठाणी दिल्लीशी जोडली. आणि ज्या बीड शहराने आगगाडी पाहिली ती थेट 2025 च्या सप्टेंबरात, तेथे राजधानीतील साहेबांचे चित्र त्याच्या पुष्कळ आधी येऊन पोहोचले होते. 2020 च्या महामारीने हे साधन हातातल्या फोनवर आणले, आणि लोक त्यालाच क्रांती समजतात. मला ते मान्य नाही.

खरे वळण 1 एप्रिल 2003 चे आहे. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या खटल्यात एका कर्करुग्ण स्त्रीच्या उपचारांतील हयगयीविषयी न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरची साक्ष हवी होती, आणि तो मुंबईस येण्यास राजी नव्हता. दंडाधिकाऱ्यांनी 1998 मध्ये दिलेली पडद्यावरील साक्षीची परवानगी उच्च न्यायालयाने 2001 मध्ये रद्द केली, कारण तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 273 व्या कलमानुसार साक्ष आरोपीच्या समक्ष व्हावयास हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी पुनःस्थापित केली आणि समक्षतेसाठी देहाने तेथे असणे अनिवार्य नाही, असे ठरविले.

या निर्णयाचा अर्थ, पडद्यावर दिसला तो हजर झाला, असा सर्रास लावला जातो, आणि इथेच आपली मोठी गफलत होते. न्यायालयाचा भर चित्रापुरता नव्हता. आरोपी व त्याचा वकील साक्षीदाराला पाहू शकतात, त्याची चर्या न्याहाळू शकतात, त्याच्यापुढे कागद ठेवू शकतात, आणि मुख्य म्हणजे त्याची उलटतपासणी घेऊ शकतात, म्हणून ती समक्षता ग्राह्य ठरली. प्रत्युत्तराचा हक्क हा तिचा प्राण होता. 6 एप्रिल 2020 रोजी, महामारीच्या ऐन धामधुमीत, त्याच न्यायालयाने पडद्यावरून युक्तिवाद ऐकण्यास मोकळीक दिली, परंतु उभय पक्षांच्या संमतीवाचून साक्ष नोंदवू नये असे बजाविले, यावरूनही हे स्पष्ट होते.

आमच्या कारभाराने त्या निर्णयातले चित्र तेवढे उचलले आणि हक्क सोडून दिला. गेवराईच्या तलाठ्याला कोणत्या शिवारात पाणी अजून ओसरलेले नाही हे ठाऊक असते. पंचनाम्याची मुदत ठरविणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि बैठक असते ती नेमकी या दोघांची गाठ पडावी म्हणून. तेव्हा प्रत्येक व्हीसीच्या इतिवृत्तात हजेरीच्या रकान्याशेजारी, तालुक्याने कोणती हरकत घेतली आणि तिला काय उत्तर मिळाले, हा रकाना सक्तीचा करावा. आणि तो जिथे कोरा राहील, त्या बैठकीच्या कागदावर ‘चर्चा’ न लिहिता ‘आदेश’ असे लिहावे.