निरोपाची कुस्ती

भीमेच्या अल्याड दौंड तालुका, पल्याड शिरूर. दौंडच्या बाजूच्या एका गावात मारुतीच्या देवळाला लागून तालीम आहे. पहाटे पूल ओलांडून शिरूरकडची पोरंही तिथं जोर मारायला येतात. तालीम दोन्ही काठांची.

या तालमीतल्या एका पैलवानाचे वडील दौंडला राज्य राखीव पोलीस दलात होते. त्यांची बदली अमरावतीला झाली. पोरगा सतरा वर्षांचा. जत्रेच्या हगाम्यात नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून तो इनामाच्या कुस्तीपर्यंत पोचला होता, आणि तेही एकाच डावावर: कलाजंग. समोरच्याला खांद्यावर घेऊन तो असा फेकायचा, की पाठ कधी लागली हे त्याचं त्यालाही कळायचं नाही. हा डाव त्याने कुणाला उलगडून दाखवला नव्हता. पोरांनी विचारलं की म्हणायचा, "बघून शिका." आज शिकवलेलं उद्या आपल्याच अंगावर येईल, ही धास्ती तालमीत नवी नाही. तिच्यापायी किती डाव माणसांबरोबर गेले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

निघायला आठवडा उरला तेव्हा तो वस्तादांपुढे उभा राहिला.

"वस्ताद, तालमीला मोठा आरसा द्यायचाय. खाली माझं नाव घालून. आणि हौद्यातली मूठभर माती बरोबर न्यायचीय."

वस्ताद फावड्याने माती ओढत होते. दौंडकडची जमीन काळी. हौद्यासाठी तांबडी माती बाहेरून आणायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवायची. हे काम गेली काही वर्षं हा पोरगाच करत होता. ताक किती, तेल किती, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

"मातीला काय तोटा?" वस्ताद म्हणाले. "तू चाललायस त्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, 1914 पासूनचं. त्यांची पोरं 1936 ला बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. एकाने दुसऱ्याला शिकवलं म्हणून तिथवर पोचली. तू मात्र तुझा कलाजंग पेटीत घालून निघालास. बाळा, तू ठेवून घेतलेलं तुझ्याबरोबर जाईल. दुसऱ्याच्या अंगात उतरवलंस तेवढंच इथं राहील. आरसा नको मला."

पोरगा काहीच बोलला नाही. त्या रात्री त्याला झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी तालमीत हजर होता. शिरूरकडून येणारा एक बारकेला पोरगा लंगोट कसत होता. त्याला त्याने हौद्यात ओढलं.

"माझा हात धर. तसा नव्हं, दंडाला, घट्ट. आता खाली बस. आधी गुडघा. मान माझ्या बगलेखाली घाल. मान आत गेल्याबिगर दुसरा हात जांघेत घालायचा नाही, नाहीतर वजन तुझ्याच कमरेवर येतं. आता उचल."

उचललं नाही. पुन्हा. पुन्हा. दिवस उजाडेपर्यंत दोघं मातीने माखले. हळूहळू बाकीची पोरं भोवती गोळा झाली, मग दोघादोघांच्या जोड्या लागल्या. संध्याकाळी त्याने माती मुरवायला सगळ्यांना बसवलं, प्रत्येकाला मूठ वळायला लावली आणि ओल किती हवी ते त्यांच्याच बोटांना कळू दिलं.

शेवटच्या दिवशी वस्तादांनी त्याला हौद्यात उभं केलं. एकेक पोरगा आत येई, सलामी झडे, कुस्ती लागे. तो जिंकत गेला. शेवटी तो बारकेला आला. हात दंडाला, गुडघा, मान, जांघ. थोरला पैलवान हवेत गेला आणि पाठीवर आला. खाली पडल्या पडल्या तो ओरडला, "गुडघा बरोबर टेकलास!" वस्तादांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि म्हणाले, "जा आता."

दुसऱ्या दिवशी पहाटे सामानाचा टेम्पो दारात लागला. आई रस्त्याकडे बघत होती. "एवढी वर्षं त्या तालमीत घालवलीस, अन् एक पोरगं निरोपाला आलं नाही."

"कशी येतील आई? ह्या वेळेला माती उकरायची असते," असं म्हणून तो टेम्पोत चढला आणि भांड्यांचं पोतं वर घ्यायला त्याने हात खाली केला.