चिठ्ठी कोणी लिहावी?

‘चिठ्ठी’ हा आपल्याकडे मोठा वजनदार शब्द आहे. कागद टीचभर, पण त्याच्यावाचून दार उघडत नाही. शाळेत गैरहजर राहिलेल्या मुलाला वडिलांची चिठ्ठी लागते, नोकरी शोधणाऱ्याला कोणा मोठ्या माणसाची चिठ्ठी लागते, आणि मोठ्या रुग्णालयात खाट मिळवायची तर नगरसेवकाच्या चिठ्ठीचा उपयोग होतो, हे न सांगताही सर्वांना ठाऊक असते. या साऱ्या चिठ्ठ्यांत डॉक्टरची चिठ्ठी सर्वांत सात्त्विक. तिच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी कोणी फारसा विचारही करीत नाही.

प्रश्न अगदी साधा आहे. खांदा आखडला, मान धरली, कंबरेत उसण भरली, तर सरळ फिजिओथेरपिस्टकडे जावे, की आधी डॉक्टरांना दाखवून त्यांची चिठ्ठी घ्यावी? दिवाळीच्या फराळाबरोबर दुखण्याचा विषय कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण घरातली जळमटे काढून, माळ्यावरचे डबे उतरवून आणि चकलीचा सोऱ्या दाबून झाल्यावर ज्या घरात कोणाचा तरी हात कंबरेवर गेलेला नाही, असे घर मला दाखवा. विषय दिवाळीचाच आहे.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नसता. हाड सरकले की माणूस हाडवैद्याकडे जाई किंवा तालमीतल्या वस्तादाकडे. तो मळलेल्या सतरंजीवर बसवी, तेल लावी, बोलता बोलता एक हिसका देई आणि म्हणे, “जा आता.” कोणाची चिठ्ठी नाही, नोंद नाही. पुष्कळांना गुण येई. ज्यांना येत नसे त्यांची मनगटे जन्मभर वाकडी राहत, आणि त्याला दैव असे नाव होते. तेव्हा जुन्या काळचे मोकळेपण आठवून उसासे टाकण्यात अर्थ नाही. दार उघडे होते हे खरे, पण आत कोण बसले आहे हे पाहण्याची सोय नव्हती.

चिठ्ठीचा नियम आला तो विलायतेतून, आणि त्याची जन्मकथा मोठी बोलकी आहे. १८९४ साली लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या अनीतीच्या धंद्यांविरुद्ध वैद्यकीय नियतकालिकातून बराच गवगवा झाला. प्रामाणिकपणे मर्दनाचे काम करणाऱ्या परिचारिकांचीही त्यात नाचक्की होऊ लागली. तेव्हा त्यांच्यापैकी चौघी पुढे आल्या आणि त्यांनी शिक्षित मर्दनकारांची एक संस्था काढली. तिच्या पहिल्या नियमांतला एक असा, की डॉक्टरांच्या सांगण्यावाचून कोणालाही मर्दन करायचे नाही. याच संस्थेला १९२० साली राजाची सनद मिळाली आणि पुढे तीच ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची मुख्य संस्था झाली.

मला या इतिहासातले मर्म असे दिसते की चिठ्ठी प्रथम आली ती रोग्याच्या रक्षणापेक्षा उपचार करणारीच्या अब्रूच्या रक्षणासाठी. चारचौघांत वावरणाऱ्या स्त्रीला जसा पूर्वी घरातल्या पुरुषाचा आधार दाखवावा लागे, तसाच त्या चौघींनी डॉक्टरांचा आधार दाखवला. त्या काळात ते शहाणपणाचेच होते. पण आधारासाठी धरलेला हात पुढे सोडवत नाही, असा अनुभव संसारात येतो तसा व्यवसायातही येतो. तो सुटायला ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक वर्षे लागली. १९७७ च्या एका सरकारी परिपत्रकाने फिजिओथेरपिस्टला स्वतःच्या निर्णयाने उपचार ठरवण्याची मोकळीक दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७६ साली, ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या संस्थेने चिठ्ठीचे बंधन आपल्या आचारसंहितेतून काढून टाकले होते. अमेरिकेत नेब्रास्का राज्याने १९५७ सालीच दार उघडले होते; पण कमीअधिक अटींसह सर्व पन्नास राज्यांत ते उघडायला २०१५ साल उजाडले.

आपल्याकडे हे शास्त्र पोलिओच्या पावलांनी आले. १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू झाले. आज पुण्यामुंबईच्या कोणत्याही वस्तीत फिजिओथेरपीची पाटी दिसते, आणि आत जाताना चिठ्ठी कोणी विचारतेच असे नाही. पण सरकारी रुग्णालयात केसपेपर काढावा लागतो, आधी हाडांच्या विभागात रांग लावावी लागते आणि मग पुढच्या खिडकीचा नंबर लागतो. चिठ्ठीचे मोल असे जागोजागी बदलते. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला ती लागत नाही. ज्याचा एका खाड्याने रोजगार बुडतो त्याला ती दोन खाड्यांना पडते.

इथवर वाचून मी चिठ्ठीच्या विरुद्ध आहे असे वाटेल. पण प्रश्न इतका सरळ नाही, आणि तो तसा का नाही हे आमच्या घरातच मी जवळून पाहिले.

आमच्या वहिनी शाळेत शिकवतात. त्यांचा उजवा खांदा आखडत गेला. आधी फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येईना, मग वेणी घालता येईना, मग रात्री त्या कुशीवर झोपता येईना. ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टकडे जाते, असे त्या म्हणाल्या. दादा म्हणाला, “आधी डॉक्टरांना तर विचारू. उगाच कोणाच्या हाती खांदा कसा द्यायचा?” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “अहो, सहा महिने तुम्हालाच सांगतेय. आता आणखी कोणाला विचारायचं?”

त्या एका वाक्यात मला चिठ्ठीची दुसरी जात दिसली. आपल्या घरांत बाईच्या दुखण्याला कितीतरी न लिहिलेल्या चिठ्ठ्या लागतात. सासूबाईंनी ‘होय, दुखत असेल’ म्हणावे लागते, नवऱ्याने ‘चल, दाखवून येऊ’ म्हणावे लागते, सणवार सरावे लागतात, मुलांच्या परीक्षा संपाव्या लागतात. डॉक्टरांची चिठ्ठी ही त्या रांगेतली शेवटची. ज्या माणसाला आपले दुखणे खरे आहे हे सिद्ध करण्यातच सहा महिने जातात, त्याला आणखी एका दारावर थांबवण्यापूर्वी आपण दहादा विचार करायला हवा.

पण दादाही जुलमी नव्हता. त्याच्या बोलण्यामागे एक भीती होती आणि तिला कारण होते. आमच्या वडिलांची पाठ दुखत असे. जवळजवळ वर्षभर ती चोळली, शेकली. तपासणी झाली तेव्हा कळले की दुखणे पाठीचे नव्हतेच. दुसरीकडच्या कर्करोगाने मणक्यात मुळे धरली होती. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. ज्याने हे पाहिले आहे त्याला ‘शरीर माझे, मी कुठेही जाईन’ हे वाक्य पुरत नाही. शरीर माझे असले तरी त्याच्या आत काय चालले आहे ते मला दिसत नाही.

वहिनींबरोबर दादा गेला, आणि त्याने त्या तरुण बाईंना सरळ विचारले, “जे तुम्हाला कळत नाही, ते कळत नाही हे तुम्हाला कळतं कसं?” एखाद्या तत्त्वज्ञाने विचारावा असा हा प्रश्न. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, म्हणूनच मी आधी हात लावत नाही, विचारते.” आणि त्यांनी वहिनींना एकेक विचारले. काहीही न करता, नुसते पडून असतानाही दुखणे वाढतच जाते का? वजन कारणावाचून उतरले का? संध्याकाळी कणकण येते का? पूर्वी कधी गाठ काढली होती का? हातापायांत बधिरपणा, लघवीवरचा ताबा? “यातल्या कशालाही ‘हो’ आलं की मी उपचार थांबवते आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहिते,” असे त्या म्हणाल्या. वहिनींच्या बाबतीत तशी खूण नव्हती. मात्र आखडलेला खांदा मधुमेह्यांत जास्त आढळतो, म्हणून साखर तपासून घ्यायला त्यांनी सांगितले. आणि हे दुखणे आठवड्यांत जाणारे नाही, महिने लागतील, हेही लपवले नाही. महिने लागलेच.

दादाच्या प्रश्नाला त्या दिवशी मिळालेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. आपण समजतो की अधिकार ज्ञानाने येतो. मला वाटते तो निम्माच तसा येतो. उरलेला निम्मा आपल्या ज्ञानाची कुंपणे ओळखण्याने येतो. घरचा डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवतो तेव्हा त्याची पत कमी होत नाही, उलट त्याच्यावरचा विश्वास वाढतो. हाच न्याय फिजिओथेरपिस्टला लावावा. ज्याला ‘हे माझे काम नाही’ असे म्हणता येते, त्याच्या दारावर पहारेकरी बसवण्याची गरज नाही. आणि ज्याला ते म्हणता येत नाही, त्याच्याकडे दहा चिठ्ठ्या घेऊन गेले तरी धोका टळत नाही.

तेव्हा माझ्या मते वाद चिठ्ठी हवी की नको हा नाही; ती कोणी आणि कशासाठी लिहावी हा आहे. एक चिठ्ठी परवानगीची असते: ती वरून खाली येते आणि माणसाला दारात थांबवते. दुसरी निरोपाची: ती एका जाणत्याकडून दुसऱ्या जाणत्याकडे जाते आणि माणसाला पुढे नेते. पहिलीचा काळ सरत आला आहे. दुसरीवाचून मात्र कोणाचेच चालणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावू नये असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा संचालनालयाने काढले आणि लगेच मागे घेतले. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद झाला. नावामागे काय लावायचे हे ते ठरवोत. रोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की एकाने दुसऱ्याला निरोप धाडताना कोणाला कमीपणा वाटू नये.

अर्थात मोकळ्या दाराने जाणाऱ्यावरही जबाबदारी येते. आत बसलेला माणूस शिकलेला आणि नोंदणी झालेला आहे का, हे विचारायला हवे. महाराष्ट्रात त्यासाठी २००२ चा परिषदेचा कायदा झाला आणि २०२१ साली देशासाठीही कायदा आला, तो भिंतीवरच्या पाटीला भुलण्यासाठी नव्हे. विचारलेल्या प्रश्नांना खरे उत्तर द्यायला हवे. उतरलेले वजन, रात्रीचा ताप, जुनी शस्त्रक्रिया संकोचाने दडवून ठेवली, तर दोष दाराचा नाही. चिठ्ठी घेऊन जाणारा आपली काळजी दुसऱ्यावर सोपवून मोकळा होतो. चिठ्ठीवाचून जाणाऱ्याला ती थोडी स्वतः वाहावी लागते. स्वातंत्र्याची ही किंमत मला रास्त वाटते.

आणि घरातल्या चिठ्ठ्यांचे काय? त्या कोणत्याही कायद्याने रद्द होणार नाहीत. फराळाची भांडी आवरताना कोणी ‘हात वर जात नाही’ असे म्हणाले, तर ‘होईल बरे’ म्हणण्याआधी हातातले काम खाली ठेवून ‘कधीपासून?’ एवढे विचारावे. जायचे कुठे, हे त्यानंतर ठरवता येते.