निर्भय साक्ष

भक्तहो, व्यापार हेही कायकच. मग व्यवहाराविषयी आपण दिलेला अभिप्राय कायकाबाहेर कसा राहील?

अमेरिकेत 1995 साली पियरे ओमिड्यार यांनी संगणकावर लिलावाचा बाजार उघडला. तोच पुढे ईबे झाला. एकमेकांना कधी न पाहिलेल्या ग्राहक-विक्रेत्यांत विश्वास राहावा म्हणून व्यवहारानंतर दोघांनीही परस्परांविषयी शेरा लिहावा, अशी सोय तेथे झाली. पण वाईट शेऱ्याची परतफेड वाईट शेऱ्याने होऊ लागली. त्या भयाने फसलेला ग्राहकही गप्प बसे, नाहीतर खोटी स्तुती करी. भयापोटी केलेली स्तुती ही साक्ष नव्हे, तो सौदा होय.

2008 साली विक्रेत्याने ग्राहकाला वाईट शेरा देणेच बंद करण्यात आले. ग्राहकाचे भय गेले. पण विक्रेत्याची अब्रू त्याच्या हाती आली. टपालाच्या दिरंगाईचा राग विक्रेत्यावर काढला, तर निरपराधाला डाग लागतो.

शरण आयदक्की मारय्यांनी गरजेहून अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत पाठविले. कोणी मागायला आले नव्हते. शेराही असाच मोजून द्यावा. घडली तेवढीच चूक लिहावी, रागाच्या भरात अधिक लिहिले असेल तर ते मागे घ्यावे. उलट शेऱ्याचे भय संपले, तरी तळहातावरचे इष्टलिंग साक्षी आहेच.

शरणु शरणार्थी.