आधी दोष दाखवा

1588 साली स्पेनमधल्या सालामांका शहरात कार्मेलाइट संन्यासिनी आविलाच्या संत तेरेसा यांचे लेखन एकत्रित छापले गेले. संपादक होते फ्राय लुइस दे लेओन: ऑगस्टिनियन संन्यासी, कवी आणि तिथल्याच विद्यापीठातले प्राध्यापक. तेरेसांना जाऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती, पण तेवढ्यात त्यांच्या लेखनाच्या नकलांवर अनेकांनी हात फिरवला होता. लुइस यांनी मूळ हस्तलिखिते समोर ठेवून ते फेरफार काढून टाकले आणि प्रस्तावनेत या मंडळींना सडकून फटकारले. त्यांचा अपराध सांगताना लुइस यांनी वापरलेले स्पॅनिश क्रियापद होते ‘एन्मेंदार’, म्हणजे सुधारणे.

‘सुधारणे’ या अर्थाची स्पॅनिशमध्ये आणखीही क्रियापदे आहेत. ‘मेखोरार’ सर्वांत मोकळे. रस्ता, पगार, आजाऱ्याची प्रकृती, कशालाही ते चालते. आधीचे वाईटच होते असा ठपका त्यात नाही. ‘पेर्फेक्सिओनार’ म्हणजे जे मुळात चांगले आहे ते पूर्णत्वाला नेणे. ‘रेफोर्मार’ म्हणजे घडण बदलणे. स्वयंपाकघर पाडून नव्याने बांधले तरी हेच क्रियापद आणि मठाला शिस्त लावली तरी हेच. ‘एन्मेंदार’ मात्र दोष काढण्यासाठीच आहे. ते उच्चारणारा माणूस आधी न्यायाधीश होतो आणि मग कारागीर.

म्हणूनच कोणते क्रियापद वापरावे हा प्रश्न व्याकरणाशी थांबत नाही. समोरची वस्तू किंवा समोरचा माणूस सदोष आहे, वाट चुकलेला आहे की फक्त अपुरा आहे, हे ठरवल्याशिवाय क्रियापद निवडता येत नाही. आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाला?

लुइस यांनी या प्रश्नाची किंमत स्वतः मोजली होती. 1572 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाचा तपास करणाऱ्या धर्मन्यायालयाने, त्यांना कैदेत टाकले. चर्चमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या लॅटिन बायबलच्या भाषांतरात उणिवा आहेत, हे त्यांचे मत आरोपांमध्ये होते. 1576च्या अखेरीस ते सुटले. म्हणजे पवित्र मजकुरात दुरुस्ती सुचवल्याबद्दल तुरुंगात गेलेला माणूसच पुढे तेरेसांचे शब्द दुरुस्त करणाऱ्यांवर तुटून पडला. यात विसंगती नाही. लॅटिन मजकूर जिच्याशी ताडून पाहता येईल अशी हिब्रू संहिता लुइस यांच्यापाशी होती. तेरेसांचे वाक्य बदलणाऱ्यांपाशी स्वतःच्या आवडीपलीकडे काय होते? दोष दाखवता येत नसेल, तर दुरुस्ती ही अरेरावीच ठरते.

तेरेसांचे स्वतःचे कार्य ‘रेफोर्मार’ या क्रियापदाखाली येते. 1562 मध्ये आविलात त्यांनी सान होसे हा छोटा मठ स्थापला. कार्मेलाइट संघाचा नियम 1432 मध्ये पोपच्या अनुमतीने सैल झाला होता. तेरेसांना जुना, कडक नियम परत हवा होता. पण मूळ रूपाकडे चला म्हटले की बाकीचे त्यापासून ढळले, हेही न बोलता म्हटले जाते. हे संघातल्या अनेकांना झोंबले. तेरेसांचे सहकारी संत हुआन दे ला क्रूस यांना 1577च्या डिसेंबरात त्यांच्याच संघबंधूंनी पकडून तोलेदोत कोंडले. आठ महिन्यांहून अधिक काळानंतर ते तिथून निसटले.

मठावरून माणसाकडे वळू. मध्ययुगीन ईश्वरशास्त्रज्ञ संत थॉमस अक्वायनस यांच्या मते ईश्वरी कृपा मानवी स्वभाव नष्ट करत नाही, ती त्याला पूर्णत्व देते. ही ‘पेर्फेक्सिओनार’ची बाजू. पापनिवेदनाआधी मात्र श्रद्धाळूला सुधारण्याचा निश्चय करावा लागतो, आणि त्या निश्चयाच्या स्पॅनिश नावात ‘एन्मेंदार’चेच नाम आहे. माणूस अपुरा आहे आणि सदोषही. दुसऱ्याकडे पाहताना पहिली बाजू धरावी आणि स्वतःकडे पाहताना दुसरी, कारण स्वतःच्या दोषाचा पुरावा आपल्यापाशीच असतो.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात स्वतःला असे सुधारण्यासाठी एक छोटे प्रकरण आहे. विवाहामुळे किंवा अधिकारपदामुळे ज्यांना आयुष्याची वाट बदलता येत नाही, अशांसाठी ते प्रकरण आहे, आणि त्याच्या मथळ्यात ‘एन्मेंदार’ व ‘रेफोर्मार’ ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी येतात. त्यातले प्रश्न रोकडे आहेत: घर केवढे असावे, माणसे किती ठेवावीत, ती कशी सांभाळावीत, आणि मिळकतीतले घरासाठी किती ठेवून गोरगरिबांना किती द्यावे.