वाढदिवस आणि वाघ

भेटवस्तू या शब्दातली 'वस्तू' अलीकडे गळून पडली आहे. आमच्या लहानपणी वाढदिवसाला कंपासपेटी मिळे. औक्षण, शिरा आणि संध्याकाळी पेशवे पार्कातल्या फुलराणीची एक फेरी झाली की वाढदिवस संपे. हल्लीच्या मुलांना वस्तू नको असते, 'अनुभव' हवा असतो. वस्तूला घरात जागा लागते, अनुभव मोबाइलमध्ये मावतो. वारज्यातल्या आमच्या फ्लॅटचे क्षेत्रफळ पाहता मला हा बदल पसंतच होता. पण यंदा दहाव्या वाढदिवसाला चिरंजीवांनी मागितलेला अनुभव असा होता : "बाबा, मला एक दिवस वाघ सांभाळायचाय."

कल्पना त्यांची नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पैसे भरले की एक दिवस रखवालदार होता येते. खराटा घ्यायचा, झाडलोट करायची, जनावरांचे खाणे चिरायचे, फोटो काढायचे आणि घरी जायचे. तिकडे राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने आपल्या मुलीला ही भेट दिली आणि तिचे सत्तावीस फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. (हीच मुलगी घरी ताटसुद्धा उचलत नाही, ही माहिती सौ.ने मला दिली. ग्रुपवर टाकली नाही.)

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. काम केले की पैसे मिळतात, एवढेच मला शिकवले गेले. काम करणाऱ्यानेच पैसे भरायचे, हा व्यवहार नावे टाकायचा की जमा, ते आमच्या पुस्तकात नव्हते. 2024 च्या करारापासून आम्हा बँकेतल्या कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव एवढे भारदस्त झाले, तरी 'एक दिवस कारकून' होण्यासाठी पैसे भरायला अजून एकही गिऱ्हाईक काउंटरवर आलेले नाही. याचा अर्थ एवढाच की दुसऱ्याचे काम मौजेचे वाटायला मध्ये निदान एक वाघ लागतो.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानेच निकालात काढला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. प्राणिसंग्रहालयांचे प्रकरण त्यात 1991 च्या दुरुस्तीने आले. त्याप्रमाणे प्रेक्षकाने तिथल्या जनावराला डिवचणे, गोंगाट करून त्रास देणे आणि खायला घालणे, हे सगळे गुन्हे आहेत. म्हणजे रागाने मारलेला खडा आणि प्रेमाने टाकलेला शेंगदाणा यांची कायद्याने एकाच कलमात सोय लावली आहे.

"पण मी प्रेमाने देणार ना!" चिरंजीव म्हणाले.

"ते माकडाच्या पोटाला कसं कळणार?" सौ. म्हणाली. मला हे वाक्य कायद्यापेक्षा सोपे वाटले.

तरी कात्रजला जायचे ठरले. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, म्हणून रविवार धरला. साहजिकच उरलेल्या पुण्यानेही तोच धरला होता. बायपासने नवले पुलाशी पोचेपर्यंत आईने दोनदा "आलं का?" विचारले आणि एकदा डबा उघडला. कात्रजचे हे संग्रहालय 1999 साली सुरू झाले आणि पेशवे पार्कातली जनावरे पुढे इकडे आली. आईच्या मनातून मात्र ती अजून पर्वतीखालून हललेली नाहीत. "तिथं बरी होती रे," ती म्हणाली. "बसने जाता यायचं."

वाघाच्या खंदकापाशी चिरंजीवांना एक रखवालदार भेटला. बादली घेऊन निघालेला, घाईतला माणूस. पण दहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न त्याला टाळता आला नाही.

"काका, वाघ तुम्हाला ओळखतो?"

"बादलीला ओळखतो. ती माझ्या हातात असते, एवढंच."

"तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"आमची आळीपाळीने. त्याच्या पोटाला नसते."

त्यावर मी माझे ज्ञान पाजळले : बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात, पोटाला बरे म्हणून. आईचा वाघाविषयीचा आदर एकदम वाढला. "आणि साबुदाण्याशिवाय!" ती म्हणाली.

"मी आत येऊन मदत करू?" चिरंजीवांनी शेवटी विचारलेच. रखवालदार हसला आणि नुसते आपल्या बुटांकडे बोट दाखवून निघून गेला. त्याचा अर्थ मी घरी येताना सांगितला. जुलै 2025 मध्ये इथली सोळा चितळ हरणे लाळ्या-खुरकुताने दगावली. हा रोग बुटाच्या तळव्यावरून, कपड्यांवरूनही जाऊ शकतो. परका माणूस प्रेमाने आत येतो तेव्हा बरोबर काय घेऊन येतो, ते त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

परतीच्या वाटेवर सवाई माधवरावांचा विषय निघाला. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. वाढदिवसाला एक दिवस वाघ मागणारी पोरे आपण पाहतो. या पोराच्या दाराशी तो रोजचाच. पण जन्म 1774 चा, चाळीस दिवसांचा असताना पेशवाई मिळाली आणि मग सगळे आयुष्य नाना फडणिसांच्या नजरेखाली गेले. 1795 मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून त्यांचा अंत झाला, तेव्हा वय एकवीस. सांभाळणारे चोख असले म्हणजे सांभाळला जाणारा सुखी असतो, असे काही नाही. मार्च 2024 मध्ये कात्रजचा एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला आणि बऱ्याच शोधाशोधीनंतर संग्रहालयाच्या आवारातच सापडला. "जाणार कुठं बिचारा!" आई म्हणाली. ती बिबट्याविषयी बोलत होती की पेशव्यांविषयी, ते मी विचारले नाही.

घरी आल्यावर मी दत्तकाचा पर्याय मांडला. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वर्षभरासाठी प्राणी दत्तक घेता येतो. घरी आणायचा नाही, फक्त खर्च द्यायचा. वाघाचा हिशेब लाखांत, हरणाचा हजारांत. आमच्या पगारात वाघाची शेपटीही बसत नव्हती, पण सोसायटीने वर्गणी काढली तर एखादे हरीण पाचव्या पायासकट आले असते.

"पैसे आपण दिले, हे हरणाला कळेल?" चिरंजीवांनी विचारले.

"नाही."

"मग काय उपयोग?"

सगळा प्रश्न इथे आहे. आपल्या भाषेत 'सांभाळणे' हे फार मोठे क्रियापद आहे. मुले सांभाळतात, म्हातारी माणसे सांभाळतात, नोकरी सांभाळतात, शब्दसुद्धा सांभाळतात. यातले काहीही एका दिवसाचे नसते. एका दिवसाचे असते ते पाहुणेपण. आमची धुणेभांडीवाली सुट्टीवर गेली तेव्हा चिरंजीवांनी पहिल्या दिवशी गाणी म्हणत भांडी घासली. दुसऱ्या दिवशी त्यांना गृहपाठ आठवला. काम तेच, साबण तोच. फक्त कौतुक संपले होते. सांभाळणे म्हणजे मुदत ठेव नव्हे, की एकदा भरली आणि पावती कपाटात ठेवली. ते रिकरिंग खाते आहे : हप्ता दरमहा, आणि इथे तर रोज. आणि या खात्यावर 'थँक्यू' नावाचे व्याज जमा होत नाही.

म्हणून वाढदिवसाला मी चिरंजीवांना रीतसर नेमणूकपत्र दिले. पद : रखवालदार. ठिकाण : गॅलरी. काम : पक्ष्यांसाठी ठेवलेले मातीचे भांडे रोज घासून ताजे पाणी भरणे. मुदत : एक वर्ष. रजा नाही. खाली माझी सही आणि सौ.ची प्रतिसही. आठवडाभर भांडे इतके चकचकीत होते की पक्षी बिचकत असावेत. मग एक कावळा नेमाने येऊ लागला.

तिसऱ्या आठवड्यात, ऐन उन्हात, भांडे कोरडे दिसले. "राहू दे कोरडं," सौ. म्हणाली, "त्याशिवाय त्याला कळायचं नाही." तोवर आई तांब्या घेऊन गॅलरीत पोचली होती. "धडा पोराला द्यायचाय ना? मग त्याचं क्रिकेट बंद करा. कावळ्याला कशाला तहानेला ठेवता?"

बँकेच्या नियमातही हेच बसते. हप्ता ज्याने चुकवला, दंड त्याच्याच खात्यातून. शेजारच्या खात्याला हात लावायचा नाही. लंडनच्या त्या भेटीत मला काय खुपत होते, ते मला त्या तांब्याने सांगितले. मुलाला दया शिकवावी, शिस्त शिकवावी, हवे ते शिकवावे. पण दुसऱ्या जिवाची पाटी-पेन्सिल करू नये. वाघाला वाढदिवस नसतो. त्याला फक्त आजचे जेवण असते, आणि ते कुणाच्या हौसेवर अवलंबून असू नये.

चिरंजीवांचे क्रिकेट दोन दिवस बंद राहिले. भांडे त्यानंतर कोरडे दिसलेले नाही. आई मधूनमधून झाकून बघते, पण ते त्यांना माहीत नाही. कावळा रोज येतो, पाणी पितो, जातो. चिरंजीवांना तो अजून ओळखत नाही. भांड्याला ओळखतो.