महाराजांची सावली

खामगाव

प्रिय भाच्यास,

मंदिरातल्या चित्राचा फोटो पाहिला. कृष्णाजी पाटलांच्या मळ्यात गजानन महाराज बसलेले असताना पेटलेला पलंग तू रात्रीचा रंगवलास, हे बरं केलंस. ब्रह्मगिरी गोसावी तर फर्मास उतरलाय. भेदरलाय, तरी ऐट सुटत नाही. पण महाराजांमागे पिवळी प्रभावळ कशाला? चित्रात दोन उजेड झाले. बघणाऱ्याला वाटतं, प्रकाश महाराजांचाच. मग आगीचं भय उरलं कुठे? कोरेज्जोने 1530 च्या सुमारास ख्रिस्तजन्माची रात्र रंगवली, तिथे बाळाच्याच अंगातून उजेड येतो नि जवळची बाई डोळ्यांवर हात धरते. तिथे ती गोष्टच तशी आहे. इथे मात्र आग खरी वाटली, तरच तिच्यात निवांत बसलेला माणूस डोळ्यांत भरेल. प्रभावळ पुसून टाक.

मंदिर कमिटीवाले म्हणतात, महाराजांची सावली अशुभ दिसते. त्यांना नल-दमयंती सांग. स्वयंवरात देव नलाचं रूप घेऊन बसले, तेव्हा आपल्या विदर्भाच्या पोरीने खरा नल ओळखला, त्यात सावलीचीही खूण होती. देवांची सावली पडत नव्हती. महाराज तर 1878 पासून 1910 पर्यंत शेगावच्या मातीत वावरले, चिलीम ओढली, पिठलं-भाकर खाल्ली. त्यांची सावली पडायलाच हवी, मागच्या कुडावर चांगली मोठी.

खरी अडचण वेगळीच आहे. आग खालून आहे. खालून उजेड आला की हनुवटी नि नाकपुड्या उजळतात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि साधूचा राक्षस होतो. म्हणून पलंगाच्या पायथ्याच्या एका कोपऱ्यातल्या ज्वाळा खांद्याएवढ्या उंच ने, म्हणजे उजेड बाजूने येईल. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली चित्रकार हळदणकरांची दिवा धरलेली तरुणी आठव. दिवा चेहऱ्याच्या खालीच आहे, पण ज्योतीला हाताचा आडोसा आहे. चेहरा किती कोवळा राहिलाय! तेही जलरंगात.

सावलीत नुसता काळा ओतू नकोस; बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळ. महाराजांचा भक्त भास्कर पाटील आगीपासून ब्रह्मगिरीच्या दुप्पट लांब उभा असेल, तर त्याच्यावर उजेड चौथाईच पडेल. तू दोघांना सारखाच दिलायस. अॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, तेव्हा आधी कोपऱ्यात लावून, वाळू देऊन बघ.

महाराजांच्या प्रकटदिनाच्या आत संपवायचं म्हणून घाई करू नकोस. कमिटी अडून बसलीच तर कळव, गुरुवारी दर्शनाला येईन तेव्हा मी बोलतो.

तुझा,
मामा